सोळा किट, एक बस आणि अठ्ठावीस हँडिकॅपवाला

प्रश्न थोडक्यात असा आहे: निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव मिळून सोळा जणांचा गोल्फ गट. रीतसर क्लब नाही, रविवारी सकाळी जमणारी मंडळी. वर्षातून एकदा तीन दिवस बाहेर जाऊन खेळायचं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा आठवडाभर आधी मोडलं. दोघं-तिघं चांगले खेळतात, बाकीचे हौशी, चौघांना तर अधिकृत हँडिकॅपही नाही (हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट; आकडा मोठा तेवढा खेळ कच्चा). कुठं जावं, पैसे कसे गोळा करावेत, स्पर्धा कशी ठेवावी?

आमच्या गटाची सहल मी अकरा वर्षं नेतोय. पहिल्या दोन फसल्या, तिसरी कशीबशी पार पडली, तेव्हा हे उत्तर शहाणपणाचं कमी आणि ठेचांचं जास्त आहे. तुमची सहल का मोडली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज सांगतो. मैदान निवडलं असणार ते तुमच्यातल्या चांगल्या खेळणाऱ्या दोघा-तिघांनी.

आमच्याकडं तेच झालं होतं. एक आकडी हँडिकॅपवाले तिघं, त्यांनी डोंगरातलं अठरा होलचं मैदान ठरवलं आणि सगळ्यांनी मागच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या सगळ्यात लांबच्या जागेवरून, खेळायचं असंही ठरवून टाकलं. आमच्यात एक अठ्ठावीस हँडिकॅपचे गृहस्थ आहेत, तंबाखूच्या व्यापारातले, पन्नाशीत खेळ शिकलेले, किट, म्हणजे काठ्यांची बॅगसुद्धा सेकंडहँड. पहिल्या नऊ होलमध्ये त्यांचे अकरा बॉल दरीत गेले. दहाव्या होलवर ते आलेच नाहीत, बसमध्ये जाऊन झोपले. संध्याकाळी कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी मात्र ते आले नाहीत, त्यांच्यासोबतचे तिघंही आले नाहीत. चार माणसं कमी झाली की बसचं भाडं तेवढंच राहतं, वाटेकरी कमी होतात, माणशी खर्च वाढतो आणि मग पाचवा, सहावा गळतो. सहल अशी मोडते. लोक पैशाचं कारण सांगतात, कारण ते सांगायला सोपं असतं.

म्हणून आता मी प्रत्येक गोष्ट त्या अठ्ठावीसवाल्याकडं बघून ठरवतो. चांगला खेळणारा कुठंही खेळतो आणि कुठंही कुरकुरतो, त्याची काळजी करू नका.

तारखेपासून सुरू करा. आपल्या भागात वर्षातले निम्मे दिवस आधीच गेलेले असतात. जून ते सप्टेंबर घाटाच्या बाजूला जायचं नाव काढायचं नाही. गणपतीत बेळगावकर गाव सोडत नाही, आणि आपली शिवजयंती वैशाखात, तिच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत अर्धा गट गुंतलेला. चिकोडी-संकेश्वरकडच्या मंडळींचा ऊस कारखान्याला जात असतो तेव्हा त्यांचा फोनही लागत नाही. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन असलं की गावात बंदोबस्त आणि मोर्चे. शिवाय सीमाप्रश्नावरून दोन्हीकडं वातावरण तापलं की सगळ्यात आधी थांबते ती बस, हे तुम्हा निपाणीकरांना मी सांगायला नको. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आगंमागं तर ठरवूच नका. आम्ही संक्रांत झाली की त्यानंतरचा दुसरा शुक्रवार पक्का धरतो. दरवर्षी तोच. तारखेवर मतदान घेतलं की सोळा जणांची सोळा मतं येतात.

आता मैदान. पहिल्याच वर्षी बंगळूर-म्हैसूरची स्वप्नं बघू नका. बंगळूरला १८७६ सालचा जुना गोल्फ क्लब आहे, मैदान लहान, मधून रस्ते गेलेले. कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं मैदान देखणं आणि पाण्याच्या अडथळ्यांनी भरलेलं. म्हैसूरचं मैदान रेसकोर्सच्या आत आहे, तिथं रेसचं वेळापत्रक बघूनच जावं लागतं. तिन्ही ठिकाणी सोळा पाहुण्यांना एकदम टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची नेमलेली वेळ, मिळवायचा तर ओळखीचा सभासद लागतो आणि बहुतेक वेळा कामाचा दिवस घ्यावा लागतो. त्यात जाण्यायेण्याचे दोन दिवस. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी पोचता येतं, पण सोळा किट घेऊन रेल्वेच्या डब्यात चढणं हा खेळाचा भाग नाही, हमालीचा आहे.

पुणं महामार्गावर सरळ, साधारण साडेतीनशे किलोमीटर, तुम्ही निपाणीवाले तर तासभर आणखी जवळ. येरवड्याला पूना क्लबचं मैदान आहे, तिथं चालत खेळता येतं. बावधनच्या पुढचं ऑक्सफर्डचं मैदान सुंदर आहे, पण चढउतार असा की बग्गीशिवाय, म्हणजे मैदानात फिरायच्या छोट्या गाडीशिवाय, साठीच्या माणसाला झेपायचं नाही, आणि बग्गीचं भाडं ग्रीन फीशिवाय (मैदानावर खेळायच्या फीशिवाय) वेगळं पडतं हे आधी सांगून ठेवावं.

पहिल्या सहलीसाठी माझं मत विचाराल तर गोवा. दक्षिणेला काणकोणात राजबागच्या किनाऱ्याला ललित हॉटेलचं मैदान आहे. नऊच होल, पण प्रत्येक होलला दोन टी, म्हणजे दुसऱ्या फेरीत तोच होल वेगळ्या कोनातून आणि वेगळ्या अंतरावरून येतो. चांगल्या खेळणाऱ्यांना नऊ होल म्हटलं की कमीपणा वाटतो. अठ्ठावीसवाल्याला मात्र ते वरदान आहे: पहिल्या फेरीत बॉल कुठं गेला ते त्याला आठवतं, दुसऱ्या फेरीत तो सुधारतो, आणि अगदीच दमला तर नऊनंतर थांबून खोलीवर चालत जातो, बसची वाट बघत बसत नाही. जमीन सपाट. वारा मात्र समुद्राचा, तो सगळ्यांना सारखाच रडवतो. तिथं उतरायला महाग वाटलं तर पाळोळ्यात स्वस्त खोल्या मिळतात.

वाट खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड, मोले, मडगाव आणि तिथून काणकोण. चोर्ला घाट पणजीकडं जायला बरा, काणकोणला वळसा पडतो. मोठी बस असेल तर त्या आठवड्यात अनमोड घाटात अवजड वाहनांना बंदी नाही ना, हे निघण्याआधी विचारून घ्या, अशी बंदी अधूनमधून लागते. आणि गाडीबद्दल एक गोष्ट जी कुणीच सांगत नाही: सतरा सीटरच्या टेंपो ट्रॅव्हलरमध्ये सोळा माणसं बसतात, सोळा किट बसत नाहीत. आम्ही एकदा पायात, मांडीवर आणि मधल्या वाटेत किट कोंबून घाट उतरलो. एका डॉक्टरांच्या ड्रायव्हरची, म्हणजे लांब फटक्याच्या काठीची, मान मोडली आणि त्यांनी वर्षभर माझ्याशी निम्मंच बोलणं ठेवलं. मिनीबस घ्या आणि मागच्या दोन रांगा किटला सोडा. ड्रायव्हर आणि वुडच्या काठ्यांना टॉवेल गुंडाळून बॅगेत उलट्या घाला.

येतानाचा एक इशारा. गोव्याची बाटली परवान्याशिवाय हद्दीबाहेर आणता येत नाही आणि तपासनाके असतात, चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबीला, तसे दुसऱ्या वाटेवरही. गोल्फच्या बॅगेला तो लांब खिसा असतो ना, त्यात काय मावतं हे नाक्यावरच्या माणसाला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. आमच्यातल्या एकाच्या दोन बाटल्यांपायी सोळा किट रस्त्यावर उतरवून प्रत्येक खिसा उघडून दाखवावा लागला. दीड तास. तेव्हापासून निघताना बसमध्ये मी एकच भाषण करतो, ते याच विषयावर.

पैशाकडं येतो. पहिल्या सहलीत शेवटच्या आठवड्यात तिघं गळले आणि त्यांच्या खोल्यांचे पैसे माझ्या खिशातून गेले. मागायचे कसे? एक मामेसासऱ्यांच्या नात्यातले, एक शेजारी. त्यानंतर नियम केला: तारीख जाहीर झाल्यापासून आठ दिवसांत निम्मे पैसे, ते परत मिळत नाहीत. ज्यांनी भरले ते येणार, ज्यांनी ‘येतो की, मी कुठं जातोय’ म्हटलं ते येणार नाहीत असं धरायचं. उरलेले पैसे सहलीच्या महिनाभर आधी. गळणाऱ्यानं आपल्या जागी माणूस आणून दिला तर त्याचे पैसे त्यानं त्या माणसाकडून घ्यावेत, मी मध्ये पडत नाही. दोघांना राखीव म्हणून आधीच सांगून ठेवा, रविवारच्या गटात असे दोघं असतातच. आणि पैसे तुम्ही स्वतः सांभाळू नका. टी टाइम, खोल्या, बस तुम्ही बघा, हिशेब दुसऱ्याकडं द्या. आमच्याकडं बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, ते परतीच्या वाटेवर खानापूरच्या आत हिशेब वाचून दाखवतात.

सामायिक खर्चात काय घालायचं यावर भांडणं होतात. आमचं ठरलेलं असं: बस, खोली, ग्रीन फी, कॅडी (किट उचलणारे), नाश्ता आणि रात्रीचं जेवण हे सगळ्यांचं. दारू कधीही सामायिक नाही. ज्याची त्यानं तिथल्या तिथं द्यायची. हा नियम आमच्या त्या अठ्ठावीसवाल्यासाठीच झाला, ते माळकरी आहेत. पहिल्या वर्षी त्यांच्या वाट्याला आलेल्या बिलात काय काय होतं हे त्यांनी वाचलं नाही, पण मी वाचलं आणि मला लाज वाटली. मटणाचं तसंच; सोमवार, संकष्टी, श्रावण पाळणारे कोण हे यादीत नावापुढं लिहून ठेवा, म्हणजे आयत्या वेळी हॉटेलात ‘यांना नुसता भात द्या’ असं होत नाही.

कॅडींच्या बक्षिशीचे पैसे आधीच सुट्ट्या नोटांत काढून पाकिटं करून ठेवा, सगळ्यांची सारखी. नाहीतर एक जण पाचशे देतो, दुसरा पन्नास, आणि दुसऱ्या दिवशी पन्नासवाल्याचा बॉल सापडत नाही. आणि जाताना बेळगावचा कुंदा न्या, मैदानाच्या ऑफिसात एक किलो आणि स्टार्टरला, म्हणजे पहिल्या टीवर गट सोडणाऱ्याला, अर्धा. सोळा जणांच्या गटाला पुढचे-मागचे टी टाइम सलग मिळण्यात त्या अर्ध्या किलोचा वाटा मी जवळून बघितला आहे.

आता खेळ, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

मुख्य स्पर्धा स्टेबलफोर्डची, म्हणजे प्रत्येक होलला गुण देण्याची, ठेवा; सगळे फटके मोजणारा स्ट्रोकप्ले नको. ही पद्धत डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड या इंग्लंडमधल्या डॉक्टरांची, आजच्या रूपात ती १९३२ मध्ये लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबात खेळली गेली. एकदोन होल बिघडले की हौशी माणूस सगळं कार्डच फाडून टाकतो, त्यावरचा तो तोडगा. हँडिकॅपचे स्ट्रोक (फटके) वजा करून पार, म्हणजे त्या होलला ठरलेले फटके, आला तर दोन गुण, एक जास्त म्हणजे बोगीला एक, एक कमी म्हणजे बर्डीला तीन, दोन कमी म्हणजे ईगलला चार, आणि दोन जास्त म्हणजे डबल बोगी किंवा त्याहून वाईट असेल तर शून्य. शून्य झालं की बॉल उचला आणि पुढं चला. अठ्ठावीसवाला दरीत तीन बॉल घालवतो तेव्हा त्याचा एक होल जातो, दिवस जात नाही. मागचा गटही खोळंबत नाही. छत्तीस गुण म्हणजे माणूस आपल्या हँडिकॅपला खेळला.

हँडिकॅप लावताना नेहमीचा आकडा तसाच घेऊ नका. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत आली, तिच्यात आपला इंडेक्स (अधिकृत हँडिकॅपचा आकडा) मैदानाच्या स्लोपनं (ते हौशींना किती अवघड याचा आकडा) गुणायचा, ११३ नं भागायचा आणि कोर्स रेटिंग (पक्क्या खेळाडूला तिथं लागणारे फटके) व पार यांतला फरक मिळवायचा. समजा तुमचा इंडेक्स २०, स्लोप १२६, रेटिंग ७०.५, पार ७२. वीस गुणिले १२६ भागिले ११३ म्हणजे २२.३, त्यातून दीड गेला, उरले २०.८, म्हणजे त्या मैदानावर तुम्हाला एकवीस स्ट्रोक. हे आकडे टीप्रमाणे बदलतात. पुढच्या टीवरून खेळलात तर स्ट्रोक कमी मिळतील, आणि ते बरोबरच आहे. हौशींना पुढची टीच द्या. मागच्या टीचा मान ज्याला हवा त्यानं तिथून खेळावं, कुणी अडवत नाही.

ज्या चौघांना हँडिकॅपच नाही, त्यांना पहिल्या दिवशी पिओरिया लावा, म्हणजे त्या दिवसापुरता हँडिकॅप काढायची पद्धत. मैदानाच्या ऑफिसातल्या कुणाला तरी सहा होल गुपचूप निवडायला सांगा, दोन पार तीनचे, दोन चारचे, दोन पाचचे, बेरीज चोवीस. चिठ्ठी पाकिटात बंद. खेळ संपल्यावर उघडायची. त्या सहा होलवर माणूस पारपेक्षा जितका जास्त गेला, त्याची तिप्पट करून ऐंशी टक्के घ्यायचे, तो त्याचा त्या दिवसाचा हँडिकॅप. आमच्याकडच्या एका वकिलांनी एकूण १०४ मारले, गुप्त होलवर पस्तीस, म्हणजे अकरा जास्त. तिप्पट तेहतीस, त्याचे ऐंशी टक्के २६.४. नक्त ७७.६. दुसऱ्या दिवशी त्यांना सव्वीस धरून स्टेबलफोर्डमध्ये घेतलं. यात नशिबाचा भाग आहे आणि थोडी लबाडीलाही वाव आहे, पण आपल्याला कुठं ऑलिंपिकला जायचंय. पहिल्या दिवशीचं बक्षीस पिओरियावर सगळ्यांनाच खेळवून द्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचे गुण मुख्य स्पर्धेला धरा.

चांगल्या खेळणाऱ्यांनी एकत्र खेळायचं आणि हौशींनी मागून यायचं, ही वाटणी मात्र पहिल्याच दिवशी मोडून काढा. सोळा नावं हँडिकॅपप्रमाणे चार ओळींत लिहा: सगळ्यात चांगले १ ते ४, मग ५ ते ८, ९ ते १२, आणि शेवटचे १३ ते १६. पहिल्या दिवशी उभे गट: १-५-९-१३, २-६-१०-१४, ३-७-११-१५, ४-८-१२-१६. दुसऱ्या दिवशी १-६-११-१६, २-५-१२-१५, ३-८-९-१४, ४-७-१०-१३. तिसऱ्या दिवशी १-७-१२-१४, २-८-११-१३, ३-५-१०-१६, ४-६-९-१५. प्रत्येक गटात प्रत्येक ओळीतला एक जण येतो आणि तीन दिवसांत कुठलीही जोडी दुसऱ्यांदा एकत्र येत नाही. पडताळून बघा. गणितवाल्यांकडं याच जातीचं एक कोडं ‘सोशल गोल्फर’ या नावानंच आहे. आमच्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका सरांनी हे कोष्टक मला करून दिलं, तोवर मी दरवर्षी रात्री दोनपर्यंत चिठ्ठ्या घेऊन बसायचो आणि तरी मेहुणे-मेहुणे तिन्ही दिवस एकाच गटात यायचे.

वेळेसाठी दोन गोष्टी. हरवलेला बॉल तीन मिनिटंच शोधायचा, पाच नाही. नियम २०१९ मध्ये बदलला पण आपल्याकडं अजून पाचच चालतात. आणि त्याच वर्षी आलेला एक स्थानिक नियम सहलीला लागू करा: बॉल हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर परत टीवर न जाता, दोन स्ट्रोकचा दंड घेऊन तो गेला त्या बाजूच्या फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, कडेनं नवा बॉल टाकायचा. एवढ्यानं चौघांची अठरा होल साडेचार तासांत होतात. बॉल सापडत नसला की आमचा एक जण अजूनही ‘बिबट्यानं नेला असेल’ म्हणतो. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या शिरला होता, आसपासच्या शाळा बंद होत्या, शोधायला सक्रेबैलच्या शिबिरातून हत्ती आणले होते. तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येक वाईट शॉटला बिबट्या जबाबदार आहे.

खोल्यांच्या जोड्या लावताना घोरणाऱ्यांची यादी गुपचूप करा आणि त्यांना एकमेकांच्या पदरात घाला. औषधं चालू असलेल्यांची नावं एका डॉक्टरकडं द्या, काणकोणच्या दमट हवेत जानेवारीतही दहानंतर घाम निथळतो.

बक्षिसांवर पैसे घालवू नका. आमच्याकडं विजेत्याला लाकडी गदा मिळते, कुस्तीच्या मैदानात देतात तशी, शहापुरातल्या सुतारानं करून दिलेली. ती वर्षभर त्याच्या घरी, पुढच्या वर्षी परत आणायची. आणि शेवटच्या नंबराला, समारंभपूर्वक, हातात नारळ. तो त्यानं सांभाळून ठेवायचा आणि पुढच्या सहलीत पहिल्या टीवर फोडायचा. म्हणजे शेवटून पहिला आलेला माणूस पुढच्या वर्षी यायलाच हवा, त्याच्याशिवाय खेळ सुरू होत नाही.

आमचे अठ्ठावीसवाले तिसऱ्या वर्षी माझ्या आग्रहाखातर परत आले आणि तेव्हापासून चुकलेले नाहीत. नारळ त्यांच्याकडं चारदा गेला. मागच्या खेपेला त्यांनी वर्षभर देव्हाऱ्याजवळ ठेवलेला नारळ पहिल्या टीवर फोडला तो आतून पार नासका निघाला. असा वास सुटला की चारही गट भराभर टी-ऑफ करून पळाले. अकरा वर्षांत आम्ही वेळेवर सुटलो ते त्याच दिवशी.